उभ्या गाडीचं ऑइल

बीडच्या बार्शी नाक्याकडे माझं गॅरेज आहे. तिथं जुनी गाडी घेऊन येणारा माणूस गाडी लावल्या लावल्या एकच प्रश्न विचारतो, ‘उस्ताद, हिच्यात ऑइल कोणतं टाकायचं आणि किती किलोमीटरला बदलायचं?’ पहिल्या अर्ध्याला सरळ उत्तर आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र मी त्याला बाकड्यावर बसवतो, चहा मागवतो आणि सविस्तर बोलतो. आमच्या भागातली जुनी गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला एखादी फेरी, कधी नारायणगड, कधी कपिलधार, दसऱ्याला हार घालून पूजा. वर्षाकाठी मीटरवर हजार किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. मालक त्या मीटरकडं बोट दाखवून म्हणतो, ऑइल तर अजून नवंच आहे की! तिथंच इंजिनाची माती व्हायला सुरुवात होते.

माझ्याकडं येणाऱ्या गाड्या मुख्यतः तीन घराण्यांच्या. पहिली ॲम्बेसेडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्थान मोटर्सनं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती १९५८पासून बांधली आणि २०१४च्या मे महिन्यात तो कारखाना थांबला. तिच्या जुन्या मॉडेलात १४८९ सीसीचं बीएमसीचं पेट्रोल इंजिन. दुसरी फियाट, म्हणजे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बांधलेली, सत्तरच्या दशकात जिचं नाव पद्मिनी झालं ती, १०८९ सीसीची. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, तेव्हापासून गावाकडं वाड्यात, गोठ्यात झाकून ठेवलेल्या फियाट बाहेर काढणारे लोक मला जास्त भेटायला लागले. तिसरी महिंद्राची जीप. जुन्या पेट्रोल जीपला विलीजचं हरिकेन इंजिन, २१९९ सीसी; नंतरच्या डिझेल जीपला प्यूजोचं.

ही तिन्ही पेट्रोल इंजिनं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागच्या विचारातली आहेत. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट बुडाचे टॅपेट, लांब पुशरॉड, कार्बोरेटर, चोक. बेरिंगांतली फट आजच्या गाडीपेक्षा मोकळी. ऑइलचा विचार करताना पहिल्यांदा हे ध्यानात घ्यावं लागतं. आजच्या गाडीसाठी जे उत्तम, ते यांच्यासाठी उत्तम असेलच असं नाही. डब्यावरची किंमत बघून तर हे मुळीच ठरत नाही.

मी काम शिकलो ते अंबाजोगाईला, एका उस्तादांच्या हाताखाली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण डब्यावरचा आकडा ते सगळ्यात आधी बघायचे. ‘पहिला आकडा थंडीचा, दुसरा उन्हाचा. आपल्याकडं थंडी कुठंय?’ असं म्हणायचे. पुढं मी पुस्तकं वाचली, तेव्हा त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते कळलं. २०डब्ल्यू-४० मधला ‘२०डब्ल्यू’ हा आकडा ठरवताना ऑइल शून्याखाली १५ अंशांवर किती जड होतं ते मोजतात. बीडला पौषातल्या कडाक्याच्या पहाटेही पारा आठ-दहा अंशांखाली क्वचितच जातो. म्हणजे ५डब्ल्यू, १०डब्ल्यू यासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, त्याचा आपल्या जुन्या गाडीला काही उपयोग नाही. उपयोग आहे तो दुसऱ्या आकड्याचा. तो १०० अंशांवर मोजतात, आणि इंजिन तापल्यावर बेरिंग व क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा थर किती भक्कम राहील ते त्यावरून कळतं. ३० नंबरचं ऑइल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. वैशाखात आमच्याकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा उन्हात मांजरसुंब्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला ३० नंबर पुरत नाही.

म्हणून माझं उत्तर साधं असतं. इंजिन घट्ट असेल, धूर मारत नसेल, तर मिनरल २०डब्ल्यू-४०. इंजिन लाख-दीड लाख किलोमीटर चाललेलं असेल, गरम झाल्यावर प्रेशर उतरत असेल, तर २०डब्ल्यू-५०. यापेक्षा दाट ऑइल मी टाकत नाही. ‘गाडी तेल खायली, अजून जाड टाका’ असा आग्रह पुष्कळजण धरतात. पण फार जाड ऑइल सकाळी सेल्फ मारल्यावर रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज होते ती त्याच पहिल्या काही सेकंदांत. तेल खाणाऱ्या गाडीचा इलाज रिंगांत आणि व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये असतो. डब्यात नसतो.

धारूरच्या एका सेवानिवृत्त गुरुजींची ॲम्बेसेडर मला या संदर्भात नेहमी आठवते. गाडी त्यांच्या वडिलांची. घरात तिचा मान मोठा. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं प्रेमानं महागातलं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणून दिलं आणि तिथंच कुणाकडून तरी भरून घेतलं. गुरुजी माझ्याकडं आले ते काळजीत. धारूरच्या घाटात ऑइलच्या गेजचा काटा कधी नव्हे इतका खाली उतरला होता आणि घरी लावलेल्या जागी, गिअरबॉक्सच्या तोंडाखाली, रोज तळहाताएवढा डाग पडत होता. ‘दादा, एवढं भारी ऑइल टाकून असं कसं झालं?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात मुलाबद्दलचा संकोचही होता.

त्यात मुलाचा दोष नव्हता आणि ऑइलचाही नव्हता. बीएमसीच्या त्या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नसतं. तिथं क्रँकवरच आटे कोरलेले असतात आणि क्रँक फिरताना ते ऑइलला आत ढकलतात. गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू तिथून झिरपतं. दाट ऑइल कमी झिरपतं, पातळ जास्त. शिवाय जुन्या इंजिनाच्या फटींत वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला असतो आणि तोच गळती अडवून धरतो. नव्या ऑइलमधलं साफ करणारं रसायन तो धुऊन काढतं आणि मूळची फट उघडी पडते. लोक म्हणतात सिंथेटिकनं सील खाल्लं. सील आधीच गेलेलं असतं. प्रेशरचं कारण दुसरं. मोकळ्या बेरिंगांतून पातळ ऑइल भराभर वाहून जातं, पंप तेवढं पुरवू शकत नाही, काटा उतरतो. आम्ही ते ऑइल काढलं, २०डब्ल्यू-५० मिनरल भरलं आणि गुरुजींना शेजारी बसवून घाटापर्यंत नेऊन आणलं. गरम इंजिनावर, रस्त्याला लागलेल्या गाडीचं प्रेशर पुन्हा पन्नास पौंडांच्या आसपास आलं. डाग मात्र पूर्ण गेला नाही, आणि तो जाणार नाही हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. त्या इंजिनाची ठेवणच तशी आहे.

प्रेशरबद्दल एक सांगून ठेवतो. ॲम्बेसेडरचा आकडा जीपला लावू नका. विलीजच्या इंजिनाचं प्रेशर मुळातच कमी असतं. रस्त्यावर पस्तीस पौंड आणि उभ्या गाडीवर सात-आठ पौंड दिसले तरी ते इंजिन निरोगी असतं. कितीतरी जीपमालकांनी केवळ ॲम्बेसेडरशी तुलना करून चांगली इंजिनं खोलून घेतली आहेत. आणि ज्यांच्या गाडीत गेज नाही, फक्त लाल दिवा आहे, त्यांनी दिव्यावर विसंबू नये. तो पेटतो तेव्हा बेरिंगाला ऑइल मिळायचं जवळजवळ थांबलेलं असतं. जुन्या गाडीला काट्याचं गेज बसवून घेणं हा खर्च मी कुणालाही डोळे झाकून सांगतो.

आता डब्यावरच्या अक्षरांकडं येतो. एपीआय या अमेरिकी संस्थेची खूण प्रत्येक डब्यावर असते. पेट्रोल इंजिनासाठी ‘एस’नं सुरू होणारी, डिझेलसाठी ‘सी’नं. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या पिढीचं : एसएफ १९८०चं, एसएल २००१चं, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. साधारण समज असा की अक्षर जितकं पुढचं तितकं चांगलं. बहुतेक बाबतीत ते खरंही आहे. स्वच्छता ठेवण्यात, गाळ न होऊ देण्यात नवी ऑइलं जुन्यांपेक्षा कितीतरी पुढं आहेत. अडचण एका ठिकाणी येते. कॅमचा उंचवटा आणि टॅपेटचं सपाट बूड हे एकमेकांवर इतक्या दाबानं घासतात की तिथं ऑइलचा थर टिकत नाही. तिथं झिंक आणि फॉस्फरसचं एक रसायन कामाला येतं. ते धातूवर स्वतःचा पातळ थर धरतं आणि झीज स्वतःवर घेतं. पण फॉस्फरस नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतो. म्हणून २००४च्या एसएमपासून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ऑइलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. आजच्या गाड्यांत टॅपेटला रोलर असतात किंवा दाब कमी असतो, त्यांचं भागतं. आपल्या जुन्या गाड्यांना कन्व्हर्टर नाही आणि रोलरही नाहीत. त्यांना ते झिंक हवं असतं.

सुदैवानं ही मर्यादा २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४० अशा दाट ऑइलांना तशी लागू नाही. म्हणजे जे ऑइल दाटपणामुळं आपल्याला हवं, तेच झिंकच्या बाबतीतही बहुधा सोयीचं निघतं. ट्रक-ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं ऑइलही मी पेट्रोल जीपमध्ये वापरलं आहे आणि त्याबद्दल माझं मत चांगलं आहे. डब्यावर ‘सी’च्या जोडीला ‘एस’चीही खूण असली म्हणजे झालं. आमच्या जिल्ह्यात हे ऑइल कुठल्याही तालुक्याला मिळतं, कारण ट्रॅक्टर गावोगाव आहेत. क्लासिक गाडीसाठी म्हणून परदेशातून मागवलेले डबेही लोक आणतात. ते वाईट नसतात, पण माजलगाव-गेवराईच्या माणसानं त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. एक मात्र करू नये : झिंकची बाटली वेगळी आणून अंदाजानं ओतणं. प्रमाणाबाहेर गेलं तर तेच रसायन उलट धातू कुरतडतं.

डिझेल जीपवाल्यांचा प्रश्न वेगळा असतो. ‘काल बदललं, आज काळंकुट्ट, ऑइल डुप्लिकेट दिसतंय.’ डिझेलच्या इंजिनात काजळी होणारच आणि ती ऑइलनं अंगावर घेऊन तरंगत ठेवायची, हेच तर त्याचं काम. काळं झालेलं ऑइल काम करतं आहे असं समजावं. पेट्रोल गाडीतही रंगावर निर्णय घेऊ नये. मी टीपकागद वापरतो. गरम इंजिनातला एक थेंब कागदावर टाकायचा आणि दोन-तीन तास सपाट ठेवायचा. डाग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा करडा पसरला, तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मध्ये काळा गोळा आणि त्याला ठसठशीत कडा असेल, तर ऑइलनं घाण धरून ठेवायचं सोडलं आहे. बाहेर फिकट, तेलकट वलय फार रुंद पसरलं, तर पेट्रोल मिसळलं आहे. आणि पाण्याची शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. चर्र आवाज येऊन तडतडला, की पाणी आहे.

हे पाणी येतं कुठून, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. बीड म्हणजे कमी पावसाचा जिल्हा, टँकर बघत मोठी झालेली आम्ही माणसं. इथं इंजिनात पाणी कसलं? पण पाणी पावसाचं नसतं, पेट्रोलचं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. इंजिन थंड असेल तर त्यातला काही भाग रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतो आणि थंड लोखंडावर पुन्हा पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळतो. जळलेल्या वायूंच्या संगतीनं त्याचं आम्ल होतं. सोबत चोक ओढल्यामुळं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा साईसारखा थर दिसतो, तो हाच.

केजच्या एका डॉक्टरांच्या घरची पद्मिनी मी पाहिली. रंग आरशासारखा, सीटवर मूळचं रेक्झिन, मडगार्डला एक ओरखडा नाही. दर रविवारी न चुकता गाडी चालू करून पाच मिनिटं अंगणात ठेवायचे आणि बंद करायचे. मोठ्या मायेनं करत होते. चेंबर खोलला तेव्हा बुडाशी बोटभर गाळ होता आणि बेरिंगांवर गंजाचे काळे ठिपके. गाडी गेल्या तीन वर्षांत तीनशे किलोमीटरही चालली नव्हती, म्हणून ऑइल बदललं नव्हतं. पाच मिनिटांत रेडिएटरचं पाणी कोमट होतं. ऑइल त्याच्या कितीतरी मागं असतं. त्यातलं पाणी उडून जायला ऑइल ऐंशी-नव्वद अंशांच्या वर जाऊन काही वेळ तिथं राहावं लागतं. दर आठवड्याला पाच मिनिटांपेक्षा महिन्यातनं एकदा पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट चढून परत येणं हजारपट चांगलं. ते जमत नसेल तर गाडी चालूच करू नये. स्वच्छ ऑइल भरून बॅटरी काढून ठेवावी.

गेल्या काही वर्षांत यात एक नवं दुखणं आलं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. ज्या उसाच्या तोडणीला आमच्या जिल्ह्यातली माणसं दरवर्षी घरदार सोडून जातात, त्याच उसापासून त्यातलं बरंच इथेनॉल होतं, त्यामुळं त्याला सरसकट वाईट म्हणवत नाही. पण जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि कॅमवर चालतो. आमच्यात त्याला एसी पंप म्हणतात. त्यातला पडदा जुन्या रबराचा असेल तर इथेनॉलनं कडक होऊन चिरतो, आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये टपकायला लागतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. पट्टीवर ऑइलची पातळी मात्र वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत. ऑइल आपोआप कधी वाढत नाही. पट्टी वास घेऊन बघा. पेट्रोलचा वास आला तर गाडी जागची हलवू नका. ते पातळ झालेलं ऑइल बेरिंगाला वाचवू शकत नाही, आणि चेंबरमधल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडण्याची भीती वेगळीच. इथेनॉल सोसणारा पडदा आणि नळ्या आता मिळतात, त्या आधी बसवा, मग नवं ऑइल भरा.

जीपचा वैरी पाण्यापेक्षा धूळ. पाटोदा-आष्टीकडच्या वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांवर चैत्र-वैशाखात पुढची गाडी दिसत नाही एवढा फुफाटा असतो. जुन्या जीपच्या एअर फिल्टरमध्ये ऑइलची वाटी असते. हवा त्या ऑइलवरून वळण घेते आणि धूळ त्यात बसते. लोक इंजिनाचं ऑइल बदलतात आणि ही वाटी विसरतात. मग तीच धूळ पिस्टनवर जाते आणि ऑइलमध्ये उतरून पॉलिश पेपरासारखं काम करते. त्यातून विलीजच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर सगळं ऑइल गाळत नाही. थोडं थोडं बाजूला घेऊन गाळतो आणि बाकीचं तसंच फिरतं. म्हणूनच त्या काळच्या पुस्तकात दोन हजार मैलांना, म्हणजे ३२०० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगितलं आहे. ते अमेरिकेच्या रस्त्यांसाठी. आमच्या फुफाट्यात मी दोन हजार किलोमीटरच्या पुढं जाऊ देत नाही आणि वाटी तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवायला लावतो. त्या इंजिनात ऑइल ओढणारी जाळी तरंगती असते, बुडाचा गाळ ती उचलत नाही. चेंबर उतरवताना ती वाकली किंवा तिचा सांधा जाम झाला तर हा फायदा गेला. ते काम नवख्या पोराच्या हाती देऊ नये.

वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी आली की आमच्याकडं एक जुनी रीत आहे : चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं आणि घाण धुऊन काढायची. मी ही रीत सोडून दिली आहे. त्या दहा मिनिटांत बेरिंगांना वंगणच नसतं आणि सुटलेला गाळ नेमका बारीक वाटांत जाऊन अडकतो. त्यापेक्षा चेंबर उतरवावा, हातानं साफ करावा, जाळी धुवावी, नवं साधं ऑइल आणि फिल्टर घालून गाडी पाचशे किलोमीटर चालवावी आणि पुन्हा बदलावं. मग आणखी हजारानंतर एकदा. गाळ हळूहळू ऑइलबरोबर फिल्टरमध्ये येतो. खर्च वाढतो खरा, पण क्रँक वाचतो. या गाड्यांचे क्रँक, शेल आता सहज मिळत नाहीत. कधी हैदराबाद, कधी मुंबईच्या कुर्ल्याला शोधत जावं लागतं.

इंजिनाचं पूर्ण काम केलेलं असेल, नवा कॅम बसवला असेल, तर पहिल्यांदा चालू करतानाच लक्ष द्यावं. पहिली वीस मिनिटं गाडी मंद ठेवू नये. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालू द्यावी. कॅमवर ऑइल उडून पडतं ते क्रँकच्या वेगामुळं, आणि मंद इंजिनात ते पुरेसं उडत नाही. नवे टॅपेट याच वेळात एकतर कॅमवर बसतात नाहीतर खराब होतात. या काळात मिनरल ऑइलच हवं, आणि पाचशे किलोमीटरला फिल्टरसकट बदलायला हवं.

डब्याबद्दलही थोडं बोलायला हवं. रिकामे डबे विकत घेऊन त्यात हलकं ऑइल भरून विकणारे सगळीकडं आहेत. ओळखीच्या दुकानातनं घ्या, सील बघा, आणि डबा रिकामा झाला की त्याला पान्यानं भोक पाडूनच टाका. ॲम्बेसेडरचा फिल्टर बदलताना वाटीच्या खाचेतली जुनी रबरी रिंग निघाली का ते बघा; ती तिथंच चिकटून राहते, वरून नवी बसवली की दोन रिंगांच्या मधून घाटात सगळं ऑइल रस्त्यावर येतं. कमी झालेलं ऑइल वरून ओतत राहणाऱ्यांनी ते ‘बदलणं’ समजू नये. गाळ आणि आम्ल जुनंच राहतं.

आता दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर. रोज चालणारी ॲम्बेसेडर किंवा फियाट असेल तर चार हजार किलोमीटर. बीएमसीच्या त्या काळच्या पुस्तकात तीन हजार मैल आहेत, आपल्या धुळीसाठी थोडं आधी. धुळीतली पेट्रोल जीप दोन हजार, प्यूजोची डिझेल जीप डांबरी रस्त्यावर असेल तर पाच हजार. आणि उभी राहणारी गाडी, मग ती कुठलीही असो, वर्षातनं एकदा, मीटर बघायचंच नाही. माझे आजोबा ऊसतोडीला निघताना बैलगाडीच्या आसाला वंगण घालूनच बैल जुंपायचे. गेल्या हंगामात गाडी किती कोस चालली हे कुणी मोजत नव्हतं. पावसाळाभर उभी होती एवढंच पुरेसं होतं. मी मालकांना खंडेनवमीचा मुहूर्त सांगतो. पावसाळ्यातली दमट हवा संपलेली असते, आणि त्या दिवशी हत्यारं, वाहनं आपण पुसून पूजेला काढतोच. आदल्या दिवशी गाडी घाटापर्यंत नेऊन गरम करा, गरम असतानाच चेंबरचा बोल्ट उघडा, निवांत थेंब थेंब निथळू द्या, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा आणि तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांची पद्मिनी आता अशीच चालते. दोन खंडेनवम्या झाल्या, झाकणाखालची साय पुन्हा दिसलेली नाही.

शेवटी एक विनंती. काढलेलं जळकं ऑइल आमच्याकडं म्हशीच्या अंगावर गोचीड मरावेत म्हणून चोळतात, दाराच्या चौकटीला लावतात, नाहीतर सरळ नालीत ओततात आणि पावसाळ्यात ते बिंदुसरा नदीला जातं. त्या ऑइलमध्ये धातूचा चुरा आणि विषारी रसायनं असतात. जनावर ते चाटतं, ते दुधात उतरू शकतं. कायद्यानंही तो घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या. जवळ कुणी नसेल तर ज्या गॅरेजात जुनं ऑइल बॅरलमध्ये साठवून पाठवतात तिथं नेऊन द्या. माझ्या गॅरेजात बॅरल ठेवलेलं आहे. कुणाच्याही गाडीचं ऑइल मी त्यात घेतो.